पाठीवरच्या तीन चकत्या

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे मुंगी म्हणतात, कारण ती एका जागी बसत नाही. लाकडी सामानाला पॉलिश करणं हा तिचा धंदा. एक लांबोळकी खोली, खिडकीखाली बाकडं, आणि जिकडेतिकडे पाय वर करून पडलेल्या खुर्च्या. पॉलिश ती बोळ्यानं करते. कापसावर जुनं सुती कापड गुंडाळायचं, बोळा बुडवायचा आणि लाकडावर गोल गोल फिरवत राहायचं. हातमोजे तिनं एकदाच घालून बघितले होते. म्हणाली, "ताई, मोजे घालून पॉलिश करायचं म्हणजे मोजे घालून वेणी घालायची. बोटांना कळतच नाही कुठे काय चाललंय."

माझं काम नेमकं उलटं. मी मोज्यांशिवाय कशालाही हात लावत नाही. कुठल्या रसायनानं कातडीला किती जोरात ॲलर्जी होते, ते मोजणारी आमची प्रयोगशाळा आहे. कातडीत असतात तसल्या प्रथिनाचे तुकडे इवल्याशा बाटलीत घ्यायचे, त्यात रसायन घालायचं, एक दिवस ठेवायचं आणि शंभरातले किती तुकडे त्यानं गिळले ते बघायचं. जितके जास्त गिळले तितका जोर जास्त. मग पेशींवर आणखी दोन चाचण्या. शेवटी मी कागदावर लिहिते, तीव्र, मध्यम किंवा सौम्य. एकवीस वर्षं हेच करतेय. आमचे साहेब प्रत्येक आकड्याचा दशांश विचारतात, म्हणून पाठीमागे आम्ही त्यांना दशांश म्हणतो. ते माझ्याबद्दल म्हणायचे, "बाईंचा आकडा म्हणजे पुन्हा बघायला नको." मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोलू?

एकशे बारा नंबरचा नमुना आला तेव्हा मी खूश झाले होते. पॉलिश पातळ करायचं द्रव्य, टर्पेंटाइनच्या जागी वापरायचं. संत्र्याच्या सालीसारखा छान वास. टर्पेंटाइननं मुंगीचं डोकं दुखायचं आणि ती वर्षानुवर्षं माझं डोकं खायची, "तुझ्या त्या मोठ्या शाळेत एवढं एक शोधता येत नाही होय?" एकशे बारानं शंभरातले सहा गिळले. पेशींनीही फारशी कुरकुर केली नाही. मी 'सौम्य' लिहिलं आणि बनवणाऱ्यांनी वापरून बघायला पाठवलेल्या डब्यांपैकी एक उचलून बहिणीकडे नेला.

"मोजे?" तिनं विचारलं.

"नको गं. मी स्वतः मोजलंय."

हे वाक्य पुढे कितीदा माझ्या कानात वाजलं त्याला गणती नाही.

तीन आठवड्यांनी सुट्टीच्या दिवशी दुपारी तिच्याकडे गेले. वाचनालयाच्या बावीस खुर्च्यांचं काम तिनं घेतलं होतं आणि नऊ झाल्या होत्या. झालेल्या खुर्च्या अशा चमकत होत्या की बसायला जीव होईना. मी बाकड्याशी गेले आणि तिथे रुंद तोंडाची काचेची बरणी बघितली. खिडकीतलं ऊन थेट तिच्यावर पडलं होतं.

"हे काय?"

"तुझं एकशे बारा. डब्याचं तोंड केवढंसं, बोळा जात नाही. म्हणून पहिल्याच दिवशी सगळं बरणीत ओतलं."

"झाकण?"

"दिवसातून पन्नासदा बोळा बुडवायचा. झाकण काय लावत बसू? तुझ्यासारखा निवांत पगार आहे का मला?"

मी वाकून वास घेतला. संत्र्याची साल कुठल्या कुठे गेली होती. जुन्या तेलाच्या डब्याला येतो तसा उग्र, शिळा वास. काही रसायनं हवेत राहून बदलतात आणि बदलली की कातडीला फार वाईट चावतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत पान भरून लिहिलंय मी. पण आमची शिस्त अशी, की रोज सकाळी सीलबंद बाटली फोडायची, तासाच्या आत वापरायची, उरलेलं टाकून द्यायचं. या शिस्तीचा मला कोण अभिमान! एकशे बाराला मी एक तासही हवा लागू दिली नव्हती. आणि जगात ते वापरणार कोण? उघड्या बरणीतून, उन्हात, महिना महिना, माझ्या बहिणीसारखी माणसं. मी ज्याचा जोर मोजला ते द्रव्य कोणाच्याही बोटाला कधी लागणारच नव्हतं.

"काय झालं? भूत बघितल्यासारखा चेहरा का केलास?"

"काही नाही. यातलं थोडं नेते. आणि आजपासून याला हात लावायचा नाही."

"अगं पण खुर्च्या..."

"हात लावायचा नाही म्हटलं ना!"

मी तिच्यावर ओरडले. घाबरले की मी ओरडते, लहानपणापासूनची खोड आहे. तिनं बोळा खाली ठेवला आणि दोन्ही तळहात माझ्यापुढे धरले. "बघ, काही झालंय का?"

काही झालं नव्हतं. पिवळट, राकट, नखांच्या कडांना पॉलिशची रेघ, पण कातडी ठणठणीत. तिला वाटलं आता मी हसेन. मला मात्र ते हात बघून जास्तच भीती वाटली. ॲलर्जीची कातडी पहिल्यांदा बोलत नाही. ती फक्त तोंड ओळखून ठेवते. त्याला आठवडा, दोन आठवडे, कधी जास्त लागतात. एकदा ओळख पटली, की मग पुढच्या प्रत्येक भेटीला आकांत. आणि ती ओळख जन्मभर पुसली जात नाही. नवरा सोडता येतो, ॲलर्जी नाही, असं आमच्याकडच्या बायका म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मी बरणीतलं द्रव्य चाचणीला लावलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी आकडा आला. ताजं एकशे बारा सहा. बरणीतलं अडुसष्ट. मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. अडुसष्टच. मी स्टुलावर बसून राहिले. मोज्यातल्या बोटांना घाम सुटला होता.

दशांशसाहेबांना मी तासाभरात सगळं सांगितलं. त्यांनी आकडा दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, हे आपल्याला आधी सुचायला हवं होतं." आपल्याला म्हणाले, हा त्यांचा मोठेपणा. त्यांनी लगेच बनवणाऱ्यांना फोन लावला, सगळे डबे परत मागवायला सांगितले, आणि 'सौम्य'वर माझ्यासमोर काट मारली. ऑफिसचं काम संपलं. माझं सुरू झालं.

कारण प्रश्न एकट्या एकशे बाराचा नव्हता. टर्पेंटाइन त्याच घराण्यातलं. मुंगीची कातडी एकाला ओळखायला शिकली असेल तर दुसऱ्यालाही ती बहुधा सोडणार नव्हती. म्हणजे टर्पेंटाइन नाही, एकशे बारा नाही, मग पॉलिश कशानं करणार? विसाव्या वर्षापासून तिनं दुसरं काही केलं नाही. घर तिच्या हातांवर चालतं, मुलीचं शिक्षण तिच्या हातांवर चालतं. आणि त्या हातांना मोजे नकोत, असं मी सांगितलं होतं.

त्वचेच्या डॉक्टरांकडे फोन केला. पाठीवर पट्ट्या लावून ते अशी चाचणी करतात. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "पाच आठवड्यांनी या. आणि तोपर्यंत घरी स्वतःहून काही लावून बघू नका हं." मला राग आला. एकवीस वर्षं या कामात घालवलेल्या बाईला ही पोर शिकवतेय!

पाच आठवडे. मुंगी रोज फोन करायची. "ताई, तेरा खुर्च्या राहिल्यात. ग्रंथपाल विचारतायत. टर्पेंटाइननं करू का?" मी म्हणायची, नको, थांब. ती म्हणायची, किती थांबू? मला जेवण जाईना. बसमध्ये दांडीला धरलेला कुणाचाही हात दिसला की मी बोटांच्या बेचक्यात पुरळ शोधायची. चार दिवस असे काढले. पाचव्या दिवशी ठरवलं, आपणच बघायचं.

पूर्वी आमच्याकडे माणसांवर पट्टीच्या चाचण्या होत. त्या वेळच्या शर्टाच्या बटणाएवढ्या ॲल्युमिनियमच्या खोलगट चकत्या कपाटात पडून होत्या. तीन घेतल्या. पहिलीत ताजं एकशे बारा व्हॅसलिनमध्ये घोटून. तिसरीत नुसतं व्हॅसलिन, तुलनेला. आणि मधलीत बरणीतलं जुनं. किती पातळ करायचं, यावर मी बराच वेळ अडले. अनोळखी आणि जोरदार द्रव्य अगदी थोडं घ्यायचं, हा नियम मला पाठ आहे. पण थोडं घेतलं आणि खूण उमटलीच नाही तर? पुन्हा एकदा 'काही नाही' म्हणून मोकळी होऊ? एकदा याला कमी लेखून बसले होते, दुसऱ्यांदा कमी लेखायचं नव्हतं. मी मधली चकती नियमाच्या कितीतरी पट जास्त भरली.

मुंगी शर्ट काढून खुर्चीवर उलटी बसली, हनुवटी पाठीवर टेकवून. म्हणजे खुर्चीच्या पाठीवर. मी तिची पाठ पुसली आणि चिकटपट्टीनं तीन चकत्या खांद्याच्या हाडाजवळ बसवल्या.

"गार लागतंय."

"लागू दे. दोन दिवस आंघोळ नाही, घाम नाही, खाजवणं नाही."

"आणि श्वास? तो घेतला तर चालेल?"

"मुंगे, थट्टा नको. मला फार भीती वाटतेय."

तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. "अगं, मला नाही वाटत. तू आहेस ना बघायला."

ते दोन दिवस कसे गेले ते मला विचारू नका. ती घरात बसून होती, म्हणजे तिच्यासाठी शिक्षाच. दर तीन तासांनी फोन. "ताई, मधलीत काहीतरी होतंय वाटतं." माझ्या तोंडचं पाणी पळायचं. "काय होतंय? जळजळ? खाज?" "नाही, पट्टी ओढतेय." मी फोन ठेवून भिंतीला टेकून उभी राहायची. दशांशसाहेबांनी एकदा विचारलं, "बाई, बरं नाही का?" मी म्हटलं, "झोप झाली नाही." खरं सांगायचं धैर्य झालं नाही. सांगितलं असतं तर ते काय म्हणाले असते, हे मला तेव्हाही माहीत होतं.

अठ्ठेचाळीस तासांनी खिडकीजवळ उजेडात तिला बसवलं आणि पट्टी सोलली. चिकटपट्टीचे लाल वळ होते, ते अर्ध्या तासात विरले. चकत्यांच्या जागी तीन फिकट गोल ठसे. पहिला साफ. तिसरा साफ. मधल्यावर मी बोट फिरवलं, भिंग धरलं, दिवा तिरका करून बघितलं. साफ. आणखी दोन दिवसांनी पुन्हा बघितलं, कारण काही कातड्या सावकाश बोलतात. तरीही साफ.

माझा जीव भांड्यात पडला. मी तिच्या उघड्या पाठीवर कपाळ टेकून रडले, आणि ती म्हणाली, "अगं, पुसून काढ, डोळ्यातल्या पाण्याची ॲलर्जी व्हायची." मग आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारीण डोकावून गेली.

"म्हणजे टर्पेंटाइन चालेल?"

"चालेल. पण मोजे."

"बरं बाई, मोजे."

तिनं खुर्च्या पुन्हा हातात घेतल्या. मोजे किती वेळ घातले ते मी विचारलं नाही. बरणी मी स्वतः रिकामी करून, धुऊन, प्रयोगशाळेत नेऊन टाकली होती. तिच्या आसपास एकशे बाराचा थेंबही नव्हता. मी नीट जेवू लागले. डॉक्टरांची वेळ रद्द करायचंसुद्धा माझ्या मनात आलं.

पट्टी लावल्यापासून पंधराव्या दिवशी सकाळी फोन आला. मी डबा भरत होते.

"ताई, पाठीला काहीतरी चावलंय. कालपासून नुसती खाज. हात पोचत नाही म्हणून दाराच्या चौकटीला घासतेय."

"कुठे?"

"तिथेच कुठेतरी. मधे."

डबा तसाच टाकून गेले. वाटेत स्वतःला बजावत होते, डास असेल, ढेकूण असेल, घामोळं असेल. देवा, ढेकूण असू दे. जन्मात कोणी ढेकणासाठी एवढी प्रार्थना केली नसेल.

ती बोळा हातात घेऊनच दारात आली. एकोणिसाव्या खुर्चीवर काम चाललं होतं. मी तिला खिडकीशी नेलं आणि शर्ट वर केला. पहिल्या चकतीची जागा साफ. तिसरीची साफ. मधे लालभडक, फुगलेलं, बारीक पाणीदार फोडांनी भरलेलं वर्तुळ, कंपासनं काढल्यासारखं नेमकं. ढेकूण असं चावत नाही.

पट्टी काढल्यावर दोन-चार दिवसांत खूण उठली, तर कातडीला आधीपासून ओळख होती असं समजायचं. पण ती जागा साफ राहिली आणि दोन आठवड्यांनी आपोआप पेटली, तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा एकच. आधी ओळख नव्हती. चाचणीनंच ओळख करून दिली. कातडी शिकत होती, आणि शिकून झालं तेव्हा चकतीच्या जागी उरलेल्या अंशाशीच भांडायला उठली. पाठीची कातडी शिकली म्हणजे सगळं अंग शिकलं, हातसुद्धा. हे मी नव्या मुलींना शिकवते. फळ्यावर चित्र काढून शिकवते.

"काय आहे गं? बोल ना. ओरड तरी."

मला ओरडता येईना. शर्टाचं टोक हातात धरून मी तशीच उभी होते.

"मुंगे, तुझे हात चांगले होते."

"म्हणजे?"

"तीन आठवडे तू त्यात हात घातलेस, तरी तुला काही झालं नव्हतं. तुझे हात जाड झालेत कामानं, म्हणून असेल, नशीब म्हणून असेल. पण झालं नव्हतं. हे आता झालंय. मी लावलेल्या चकतीनं."

ती वळली. शर्ट आपोआप खाली आला. तिच्या चेहऱ्यावर अजून निम्मं हसू होतं, थट्टा असेल तर सापडावी म्हणून राखून ठेवलेलं. "पण तू तर बघायला लावली होतीस ना? आहे की नाही ते?"

"हो."

"मग?"

"जास्त लावली. कमी पडू नये म्हणून. मी घाबरले होते."

तेवढ्यात तिनं हात खाजवला. मग थांबली आणि त्या हाताकडे बघितलं. मीही बघितलं. बोटांच्या बेचक्यात, जिथे टर्पेंटाइनचा बोळा धरला होता, तिथे मोहरीएवढे तीन-चार लाल ठिपके उठले होते. बोळा अजून तिच्या हातातच होता. मी पुढे होऊन तो काढून घ्यायला गेले, तशी ती एक पाऊल मागे सरली. माझ्यापासून. आयुष्यात पहिल्यांदा.

मग तिनंच तो बाकड्यावर ठेवला आणि दोन्ही हात अंगापासून लांब धरले, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे.

"ताई," ती म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात माझीच भीती होती, "आता मी कशाला हात लावू?"

मी तिला मोरीपाशी नेलं, नळ सोडला आणि मोजे न घालता तिचे हात धुऊ लागले.